फ्रेंच क्रियापद : मराठीच्या वाटेने

'मी निबंध लिहिला', 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी पत्र लिहिले'. लिहिणारा एकच, क्रियाही एकच, तरी क्रियापद तिन्ही वेळा निराळे. जे लिहिले गेले त्याच्या लिंगाप्रमाणे ते बदलते. मराठी घरातले चार-पाच वर्षांचे मूल हे सहज बोलते. पुढे शाळेत त्याला कळते की याला कर्मणी प्रयोग म्हणतात. आणखी काही वर्षांनी तेच मूल फ्रेंचच्या वर्गात बसते. तिथे त्याला सांगितले जाते की भूतकाळात क्रियापदाचे रूप कधी कधी कर्माप्रमाणे बदलते, हा फ्रेंचमधला अतिशय अवघड नियम आहे आणि तो पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

हा नियम अवघड वाटतो तो ज्या भाषेतून शिकवला जातो तिच्यामुळे. इंग्रजी क्रियापद कर्माकडे बघतच नाही आणि कर्त्याचे लिंगही त्याला कळत नाही. आपल्याकडे मिळणारी फ्रेंचची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून समजावणारी आहेत, त्यामुळे इंग्रजी भाषकाच्या अडचणी आपण आपल्या समजतो. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक, निर्जीव वस्तूंना लिंग असणे, विशेषणाने नामाबरोबर बदलणे, 'यावे' आणि 'येईल' यांतले अंतर हे सगळे इंग्रजी माणसाला नव्याने शिकावे लागते. मराठी माणसाजवळ ते आधीच असते. मराठीचे व्याकरण समोर ठेवून फ्रेंच क्रियापद शिकावे, म्हणजे कुठे आपल्याला काहीच शिकायचे नाही, कुठे थोडे शिकायचे आहे आणि कुठे खरोखर नवीन शिकायचे आहे हे स्पष्ट दिसते. हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

महाराष्ट्रात फ्रेंच शिकणारे अनेक प्रकारचे आहेत. अकरावी-बारावीला गुण चांगले मिळतात म्हणून हा विषय घेणारी मुले आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये संध्याकाळी शिकायला येणारे नोकरदार आहेत. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात स्थायिक होऊ पाहणारी कुटुंबे आहेत, पॅरिस किंवा लियोंच्या विद्यापीठात जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आहेत. मॉरिशसमधल्या मराठी वंशाच्या कुटुंबांतली मुले तर क्रेओल, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठी या चारही भाषांच्या सहवासात वाढतात. यांपैकी बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते : क्रियापदांची रूपे फार आहेत.

तक्रारीला आधार आहे. लुई-निकोला बेशरेल यांनी १८४२ मध्ये क्रियापदांचा जो कोश काढला त्याच्या शीर्षकातच आठ हजार क्रियापदांचा उल्लेख होता. त्यांच्या आडनावाने निघणारे क्रियापदांचे पुस्तक आजही फ्रान्समध्ये शाळकरी मुलांच्या दप्तरात असते आणि 'बेशरेल बघ' म्हणजे 'रूप तपासून घे' असा अर्थ घराघरांत कळतो. त्यातले तक्ते पाहिले की छाती दडपते. पण ते पुस्तक फ्रेंच येणाऱ्यांनी शंका आल्यावर उघडायचे असते, पहिल्या पानापासून पाठ करायचे नसते. फ्रेंच क्रियापदांपैकी जवळजवळ नव्वद टक्के पहिल्या गटातली, म्हणजे मूळ रूपाच्या शेवटी 'ए' उच्चार असलेली आहेत : 'पार्ले' म्हणजे बोलणे, 'शाँते' म्हणजे गाणे. 'आले' म्हणजे जाणे, हे एकच क्रियापद तसे दिसूनही त्या गटात बसत नाही. दुसरा गट 'फिनीर' म्हणजे संपवणे यासारख्यांचा, तोही नियमित. उरलेल्या सगळ्यांना तिसऱ्या गटात टाकले आहे. नवे क्रियापद भाषेत आले की ते जवळजवळ नेहमी पहिल्याच गटात जाते. दूरध्वनी आला तेव्हा 'तेलेफोने' झाले.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण फ्रेंच व्याकरण आभाळातून पडलेले नाही. १५३९ मध्ये राजा पहिला फ्राँस्वा याने व्हिलेर-कोत्रे इथे फर्मान काढले आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत लॅटिनच्या जागी फ्रेंच आणली. त्याच्या आधीच, १५३० मध्ये, जॉन पाल्सग्रेव्ह या इंग्रजाने इंग्रजी वाचकांसाठी फ्रेंचचे एक विस्तृत व्याकरण छापले होते. फ्रेंच माणसाने फ्रेंचमध्ये लिहिलेले पहिले व्याकरण लुई मेग्रे यांचे, ते १५५० मध्ये आले. फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशल्यू याने फ्रेंच अकादमी स्थापली ती १६३५ मध्ये. मराठीतही क्रम असाच आहे. विल्यम केरी या इंग्रजाचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे १८३६ मध्ये आले. आपल्या तोंडात सहज बसलेल्या रूपांना नियम असतात, हे बाहेरच्याला आधी दिसते, कारण त्याला ती रूपे एकेक करून मिळवावी लागतात. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाची जागा हीच आहे. उलट दिशेनेही हे घडले आहे : झ्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि मराठीच्या इतिहासाचा अभ्यास आजही त्याला वगळून होत नाही. फ्रेंच अभ्यासकाने मराठीकडे बारकाईने पाहण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता क्रियापदाकडे वळू. वर्तमानकाळात पहिली अडचण येते ती कान आणि डोळा यांच्या भांडणाची. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'तो बोलतो', 'ते बोलतात' यांसाठी फ्रेंचमध्ये 'ज पार्ल', 'त्यु पार्ल', 'इल पार्ल', 'इल पार्ल' असे ऐकू येते. लिहिताना शेवटची अक्षरे तीन प्रकारची, उच्चारात चारही सारखी. रोजच्या बोलण्यात 'आम्ही' म्हणायला 'नू' ऐवजी 'ओं' वापरतात आणि त्याचेही रूप 'पार्ल' हेच. म्हणजे बोलताना या क्रियापदाला वर्तमानकाळात मुख्यतः दोन रूपे लागतात : 'पार्ल' आणि 'तुम्ही'साठीचे 'पार्ले'. सहा ओळींचा तक्ता लिहिणाऱ्यासाठी आहे, बोलणाऱ्याचे काम त्याहून हलके आहे. मराठी लेखन उच्चाराच्या जवळ असल्यामुळे ही फारकत आपल्याला विचित्र वाटते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक तक्त्याशेजारी कानाला किती रूपे वेगळी ऐकू येतात हे दिले आहे. रूपे सारखी ऐकू येतात, म्हणूनच फ्रेंचमध्ये सर्वनाम गाळता येत नाही. मराठीत 'काल गेलो होतो' एवढ्याने भागते, कोण गेला हे 'लो' सांगतो. फ्रेंचमध्ये ते काम 'ज' आणि 'त्यु' यांना करावे लागते.

दुसरी अडचण अनियमित क्रियापदांची. 'जाणे' या अर्थाच्या 'आले'ची रूपे बघा : 'ज व्हे' म्हणजे मी जातो, 'नू-झालों' म्हणजे आम्ही जातो, 'जिरे' म्हणजे मी जाईन. तिन्हींचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, कारण लॅटिनमधली वेगवेगळी क्रियापदे एकत्र येऊन हे एक क्रियापद बनले आहे. मराठीत 'जातो' आणि 'गेलो' यांचाही एकमेकांशी संबंध दिसत नाही. 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. आपण हे कधी पाठ केले नाही, कारण दिवसातून कितीतरी वेळा ते तोंडात येते. अनियमितपणा टिकतो तो याच कारणाने. क्वचित वापरले जाणारे क्रियापद इतरांच्या साच्यात ओढले जाते. क्षणोक्षणी लागणारे क्रियापद आपले जुने रूप सांभाळून राहते. 'करणे' आणि 'केले', 'मरणे' आणि 'मेला', 'येणे' आणि 'आला' ही मराठीची अनियमित रूपे रोजच्या वापरातलीच आहेत. फ्रेंचमध्ये असणे, जवळ असणे, जाणे, करणे, येणे, शकणे, हवे असणे, माहीत असणे, लागणे, बघणे, म्हणणे, घेणे या क्रियापदांवर मेहनत घेतली की अनियमिततेचा मोठा वाटा संपतो. आणि जी क्रियापदे सर्वांत जास्त ऐकू येतात तीच सर्वांत लवकर बसतात.

या अनियमिततेतही सुसूत्रता आहे. वर्तमानकाळात 'नू'चे रूप 'ओं'ने संपत नाही असे क्रियापद एकच : असणे, 'नू सोम'. 'व्हू'चे रूप ठरलेल्या 'ए'ऐवजी 'त'ने संपते ते फक्त असणे, म्हणणे आणि करणे यांत : 'व्हू-झेत', 'व्हू दीत', 'व्हू फेत'. 'ते' या अर्थी 'ओं'ने संपणारी रूपे फक्त चार : 'सों', 'ओं', 'व्हों', 'फों', म्हणजे आहेत, त्यांच्याजवळ आहे, जातात, करतात. 'मी येतो' याला 'ज व्हियँ' आणि 'आम्ही येतो' याला 'नू व्हनों', किंवा 'मी पितो' याला 'ज ब्वा' आणि 'आम्ही पितो' याला 'नू ब्युव्हों', असे मूळच बदलते. त्याचेही कारण आहे. लॅटिनमध्ये आघात कधी मूळ धातूवर तर कधी प्रत्ययावर पडे. जिथे आघात धातूवर होता तिथे स्वर एका दिशेने बदलला, जिथे नव्हता तिथे दुसऱ्या. म्हणून बदल नेहमी त्याच ठिकाणी दिसतो : 'मी, तू, तो, ते' एका बाजूला, 'आम्ही, तुम्ही' दुसऱ्या बाजूला. एवढे लक्षात घेतले की सहा रूपे पाठ करायची गरज उरत नाही; प्रत्येक बाजूचे एक रूप माहीत असले की बाकीची बहुधा जुळवता येतात.

वर्तमानकाळ ओलांडला की वाट सोपी होत जाते. अपूर्ण भूतकाळ, म्हणजे 'अँपार्फे', कसा करायचा? वर्तमानकाळातले 'नू'चे रूप घ्या, शेवटचा 'ओं' काढा, ठरलेले प्रत्यय लावा. या रीतीला अपवाद एकच क्रियापद आहे, असणे. साध्या भविष्यकाळाचे प्रत्यय तर सर्व क्रियापदांना सारखे आहेत, एकही अपवाद नाही; काही क्रियापदांचे मूळ तेवढे बदलते. ते प्रत्यय कुठून आले हे पाहण्यासारखे आहे. लॅटिनमधून फ्रेंच बनत असताना 'मला गायचे आहे' या धर्तीची रचना रूढ झाली आणि त्यातले 'आहे' हळूहळू 'गाणे'ला चिकटून भविष्यकाळ झाला. म्हणून 'आव्वार', म्हणजे जवळ असणे, या क्रियापदाचा वर्तमानकाळ ज्याला येतो त्याला भविष्यकाळाचे प्रत्यय वेगळे शिकावे लागत नाहीत.

भूतकाळ हा या पुस्तकाचा गाभा आहे आणि मराठी वाचकाची खरी ताकद इथेच कामाला येते. रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, 'पासे कोंपोझे', दोन तुकड्यांचा असतो : आधी 'आव्वार' किंवा 'एत्र', म्हणजे असणे, यांचे वर्तमानकाळाचे रूप, मग मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित. 'मी चिठ्ठी लिहिली' याला 'जे एक्री युन लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे तर 'ला लेत्र क जे एक्रीत'. शेवटी 'त' आला, कारण चिठ्ठी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी येऊन बसली आहे. कर्म आधी आले तर धातुसाधित त्याच्याप्रमाणे बदलते, नंतर आले तर बदलत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतमध्ये भूतकाळाची स्वतंत्र क्रियारूपे होती. प्राकृतांच्या काळात ती मागे पडली आणि 'मया पत्रं लिखितम्' या धर्तीची, धातुसाधितावर उभी असलेली रचना सर्रास झाली. 'लिखितम्' हे मुळात विशेषणासारखे, म्हणून ते पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि तीच चाल आजच्या 'पत्र लिहिले', 'चिठ्ठी लिहिली'मध्ये उतरली. लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे' अशा रचनेतून नवा भूतकाळ तयार झाला. तिथेही 'लिहिलेले' हे पत्राचे विशेषण, म्हणून पत्राप्रमाणे बदलणारे. पुढे मराठीने हा मेळ कर्मणी प्रयोगात सर्वत्र टिकवला, फ्रेंचने अर्धाच. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत 'कर्म आधी आले तर मेळ' हा नियम पद्यात सांगितला आणि वैयाकरणांनी तो पक्का केला. १९०१ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याने परीक्षांत या नियमाबाबत काही सवलती मान्य केल्या, तरी नियम उभाच राहिला. आपल्याला तो तर्क समजावून घ्यावा लागत नाही. फ्रेंच बोलणाऱ्याने कर्म आधी उच्चारले की त्याला त्याचे लिंग ठाऊक झालेले असते. मराठी बोलणारा ते नेहमीच आधी ठरवून बोलतो.

कर्तरी प्रयोगही तिथे आहे. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे मराठीत क्रियापद सांगते. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे अशा काही अकर्मक क्रियापदांना 'आव्वार'ऐवजी 'एत्र' लागते आणि तेव्हा धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते : 'इल ए मोर' म्हणजे तो वारला, 'एल ए मोर्त' म्हणजे ती वारली. इंग्रजीतून शिकणारे ही क्रियापदे युक्तीने रचलेली यादी घोकून लक्षात ठेवतात. मराठीतून पाहिले की ती सारी आपल्याकडेही कर्तरी प्रयोगातलीच आहेत. त्यातली काही क्रियापदे सकर्मक झाली की 'एत्र' सोडून 'आव्वार' घेतात. 'मी चढलो' याला 'ज स्वी मोंते', पण 'मी बॅग वर चढवली' याला 'जे मोंते ला व्हालीझ'. मराठी इथे क्रियापदच बदलते : चढणे आणि चढवणे, उतरणे आणि उतरवणे, निघणे आणि काढणे. मराठीत जिथे 'मी'चे 'त्याने' करता येते, तिथे फ्रेंचमध्ये बहुधा 'आव्वार' लागेल. 'तो निघाला', पण 'त्याने पुस्तक काढले' : कसोटी आपल्याच तोंडात आहे. ही कसोटी कुठे मोडते तेही सांगायला हवे. झोपणे, चालणे, धावणे ही मराठीत कर्तरी असूनही फ्रेंचमध्ये 'आव्वार' घेतात. आणि 'मी तिला पाहिले' या भावे प्रयोगात मराठी क्रियापद तटस्थ राहते, तर फ्रेंचमध्ये 'तिला' हे सर्वनाम क्रियापदाआधी येत असल्यामुळे लिहिताना स्त्रीलिंगी रूप करावेच लागते.

'पासे कोंपोझे' केव्हा आणि 'अँपार्फे' केव्हा, हा प्रश्न शिकणाऱ्यांना महिनोन्महिने छळतो. मराठीत याचे उत्तर तयार आहे. 'पाऊस पडत होता', 'आजी रोज गोष्ट सांगायची', 'आम्ही दर मे महिन्यात कोकणात जात असू', 'घर मोठे होते' : या सगळ्यांना 'अँपार्फे'. 'दार वाजले', 'मामा आला', 'आम्ही जेवलो' : यांना 'पासे कोंपोझे'. चालू भूतकाळ, रीतिभूतकाळ आणि स्थितीचे वर्णन असे तीन प्रकार मराठी वेगळे राखते, फ्रेंच त्यांना एकाच रूपात सामावते. अधिक बारकाव्यांकडून कमी बारकाव्यांकडे जायचे असल्याने वाट उताराची आहे. तिसरा एक भूतकाळ, 'पासे सँप्ल', आता बोलण्यातून गेला आहे, पण कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासात भेटतो. आल्बेर काम्यू यांनी 'लेत्राँझे' ही कादंबरी १९४२ मध्ये जवळजवळ सगळी 'पासे कोंपोझे'त लिहिली. साहित्याच्या भाषेऐवजी बोलण्याचा भूतकाळ निवडल्यामुळे त्या निवेदनाला जो कोरडा, तुटक सूर आला, त्यावर आजही लिहिले जाते. काळाची निवड हा फ्रेंच लेखकाच्या शैलीचा भाग असतो, हे त्यातून कळते. सुरुवातीच्या अभ्यासकाने 'पासे सँप्ल' वाचताना ओळखावा, वापरण्याची घाई करू नये.

अर्थांचे प्रकरण मराठी वाचकाला सर्वांत सुखाचे वाटेल. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे चार आपण शाळेत शिकलो. फ्रेंचच्या परंपरागत व्याकरणात यांना जवळची चार खाती आहेत. त्यातले 'स्युब्जोंक्तीफ' हे इंग्रजीतून येणाऱ्याला भुतासारखे वाटते, कारण त्याच्या भाषेत ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. मराठीत 'तो येईल असे मला वाटते' आणि 'तो यावा असे मला वाटते' यांत 'वाटते' तेच आहे. पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात इच्छा, आणि फरक सगळा 'येईल' आणि 'यावा' यांत. फ्रेंच अगदी हेच करते. इच्छा, आवश्यकता, भीती, आनंद यांच्या मागे येणाऱ्या वाक्यात क्रियापद विध्यर्थासारखे रूप घेते : 'इल फो क त्यु व्हिएन', तू यावेस हे आवश्यक आहे. दोन्ही भाषांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. 'तो येईल असे मला वाटत नाही' इथे मराठीत 'येईल'च राहते, फ्रेंचमध्ये नकारामुळे बहुधा 'स्युब्जोंक्तीफ' येते. तरी एकाच घटनेकडे वस्तुस्थिती म्हणून आणि मनातली गोष्ट म्हणून पाहताना क्रियापद बदलावे, ही दृष्टी आपल्याला नव्याने शिकावी लागत नाही.

संकेतार्थात मात्र सावध राहावे. 'वेळ असता तर मी आलो असतो' यात मराठी दोन्ही अंगांना संकेतार्थ वापरते. फ्रेंचमध्ये 'जर'च्या वाक्यात, 'सी'नंतर, संकेतार्थ चालत नाही. तिथे 'अँपार्फे' येतो आणि संकेतार्थ फक्त मुख्य वाक्यात. फ्रेंच शिक्षकही आपल्या मुलांना हे पुन्हा पुन्हा बजावतात, कारण ती मुलेही तिथे अडखळतात. मराठी आपल्याला जिथे चकवते अशा जागा आणखी आहेत. मराठीत 'जवळ असणे' याला एक क्रियापद नाही : 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला ताप आहे'. फ्रेंचमध्ये तिन्हींना 'आव्वार', आणि वय सांगायलाही तेच. 'तुम्ही'च्या बाबतीतही एक बारीक फरक आहे. 'बाई, तुम्ही आलात' यात मराठी आदरासाठी सगळे अनेकवचनी करते. फ्रेंचमध्ये 'व्हू'बरोबर सहायक क्रियापद अनेकवचनी, पण धातुसाधित एकवचनीच. आणि बहुतेक फ्रेंच घरांत मुले आई-वडील दोघांनाही 'त्यु' म्हणतात. 'बाबा, तुम्ही' असा भेद तिथे शोधू नये.

लिंगाबाबत मराठी आपल्याला एक धडा देते आणि एक फसवणूक करते. खुर्ची ती, पलंग तो, टेबल ते यामागे तर्क शोधायचा नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून फ्रेंच लिंग पाहून आपण दचकत नाही. पण लिंग भाषांतर होऊन येत नाही. चंद्र आपला पुल्लिंगी, 'ल्युन' स्त्रीलिंगी. त्यामुळे प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला'सकट, शक्यतो 'अँ' किंवा 'युन'सकट शिकावे. ही उपपदे मराठीत नाहीत, आणि फ्रेंचमध्ये त्यांच्यावाचून नाम क्वचितच उभे राहते. 'चहा घे' म्हणताना थोडासा चहा या अर्थाचे वेगळे उपपद लागते, हे खरोखर नवे शिकणे आहे आणि त्याला पुरेशी पाने दिली आहेत.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात उच्चार आणि वर्तमानकाळ. दुसऱ्यात नाम, लिंग, उपपदे, विशेषणे आणि नकार, म्हणजे क्रियापदाभोवतीचे वाक्य उभे करायला लागेल ते सारे. तिसऱ्यात भूतकाळ आणि भविष्यकाळ, चौथ्यात आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्यांना लागणारे बहुतेक व्याकरण पहिल्या तीन भागांत आहे. फ्रेंच शब्दांचा उच्चार देवनागरीत दिला आहे, तो आधार म्हणूनच घ्यावा. 'ज पार्ल'मधला 'ज' ना 'जहाज'मधला ना 'जत्रा'मधला. 'त्यु'मधला स्वर ओठ 'ऊ'सारखे करून 'ई' म्हटल्यावर येतो. फ्रेंचचे नाकातले स्वर घाटावरच्या वाचकाला परके वाटतील, पण ज्यांच्या घरी कोकणी किंवा मालवणी बोलतात त्यांना ते पटकन साधतील. खरा उच्चार ऐकूनच येतो. फ्रेंच रेडिओ रोज थोडा वेळ तरी कानावर पडू द्यावा.

तक्ते वाचताना एक सवय लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नुसती रूपे घोकू नयेत. प्रत्येक रूपाचे एक छोटे, स्वतःच्या आयुष्यातले वाक्य करावे : काल बाजारातून काय आणले, लहानपणी सुट्टीत कुठे जायचो, उद्या कोणाला फोन करायचा आहे. वाक्य आधी मराठीत म्हणावे, त्यातला प्रयोग ओळखावा, काळ आणि अर्थ ओळखावा, मगच फ्रेंचकडे जावे. सुरुवातीला याला वेळ लागतो. पण रूप पाठ असणे आणि रूप का आले हे कळणे यांत जे अंतर आहे ते या सवयीने मिटते. शिवाय हे करताना आपल्या मराठीकडेही नव्याने लक्ष जाते, आणि व्याकरणाच्या तासाला निमूटपणे लिहून घेतलेले कर्तरी, कर्मणी, भावे हे शब्द उपयोगाचे होतात.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना परकीय भाषेच्या वर्गात आपण मागे आहोत असे वाटते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. इंग्रजी कच्चे, मग फ्रेंच कसे जमणार, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे. लिंग, वचन, पुरुष, काळ, अर्थ आणि प्रयोग यांचा एवढा बारीक विचार करणारी भाषा ज्यांच्या तोंडी लहानपणापासून आहे, ती मुले फ्रेंच क्रियापदासमोर कमी पडण्याचे काहीच कारण नाही. त्यांना त्यांच्याच भाषेतून समजावणारी पुस्तके हवीत आणि त्यांच्याच भाषेतून शिकवायला न लाजणारे शिक्षक हवेत. जर्मन, स्पॅनिश, जपानी, रशियन यांचीही अशी पुस्तके मराठीत यावीत, त्या भाषा जाणणाऱ्या मराठी माणसांनी ती लिहावीत. या पुस्तकात उणीव आढळली तर वाचकांनी आणि शिक्षकांनी ती जरूर कळवावी, आणि ज्यांना याहून चांगले पुस्तक लिहिता येईल त्यांनी ते लिहायला घ्यावे.